नोनीमावशीचा शब्द

माझी मावशी नोनी टाल्टी आयुष्यात कुणापुढे वाकली असेल तर ती फक्त शिवणयंत्रापुढे. बाकी मान कायम ताठ. एकदा बोललेला शब्द तिनं कधी मागे घेतला नाही, आणि त्यापायी एका वर्षी आयर्लंडमधल्या आमच्या अख्ख्या कॅरिगमोर गावानं तिला वाळीत टाकायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. मी तिची भाची, तिच्याच हाताखाली शिवण शिकले, तेव्हा मी तिची बाजू घेणारच. पण जे सांगते ते भर कोर्टात घडलेलं आहे, आणि ते ऐकलेली माणसं अजून गावात हिंडताहेत. विचारा हवं तर.

मावशीच्या खिडकीसमोर डिलिया मॅरिननचा पब. मधे रस्ता, म्हणजे दोन गाढवगाड्या अंग चोरून जातील एवढा. त्या रस्त्यावरून दोघींचं भांडण तीस वर्षं जात-येत होतं. कारण ऐकलंत तर हसाल. डिलियाच्या लग्नातला निळा लोकरी कोट मावशीनं शिवला होता. लग्नाच्या जेवणात डिलिया चारचौघांत म्हणाली, "कोट छान झालाय हो, पण डावी बाही जरा लांब आहे." मावशीनं काटा-सुरी ताटलीत ठेवली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाही बरोबर आहे. तुझा डावा हात आखूड आहे."

झालं. तिथून जे तोंडाला तोंड लागलं ते लागलंच. डिलियाचा नवरा गेला, ती एकटी पब चालवायला लागली, पण बाही काही मिटली नाही. आणि गंमत अशी की तीस वर्षांत डिलियानं दुसरा कोट शिवून घेतला नाही. दर नाताळला मावशीच्या उंबऱ्यावर व्हिस्कीची बाटली असायची आणि डिलियाच्या उंबऱ्यावर मनुकांचा केक. कुणी ठेवला, हे दोघींपैकी कुणीही विचारायचं नाही.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात गावात नवा पोलीस सार्जंट आला. पूर्वेकडचा, तरणा, शिस्तीचा. माणूस वाईट नव्हता, पण नवी वही मिळाली की काहीतरी लिहावंसं वाटतंच. एका रविवारी, फुटबॉलचा सामना संपल्यावर, तो पँट आखूड करून घ्यायला मावशीकडे आला. समोर डिलियाकडे नेहमीचा आरडाओरडा चालला होता. "काय चाललंय तिकडे?" त्यानं विचारलं. मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांच्या फटीतून ती म्हणाली, "रक्शन्स. दर रविवारी असतात."

सार्जंटनं खिशातून वही काढली. नाव, तारीख, वेळ आणि तो एक शब्द. मावशीनं तिकडे बघितलंसुद्धा नाही, ती दुमड घालत होती.

सप्टेंबरात पबचे परवाने नवे करून मिळतात. डिलियाच्या परवान्याला सार्जंटनं हरकत घेतली: जागा दंगलखोर आहे, आणि पुरावा म्हणजे समोरच्या शेजारणीचा स्वतःचा शब्द. मावशीला समन्स आलं. आता परवाना गेला तर डिलियाकडे काय उरणार होतं? मूल नाही, बाळ नाही, जमीन नाही. चार भिंती आणि पालथे ग्लास.

सगळं गाव मावशीवर उलटलं. बाहीचा सूड उगवतेय म्हणाले. मीही तिच्यामागे लागले, "मावशी, एवढंच म्हण ना, मी तसं बोललेच नाही."

"पण मी बोलले."

"मग म्हण चुकून निघालं तोंडातून."

"चुकून माझ्या तोंडातून टाचणीसुद्धा पडत नाही."

"अगं, लोक काय काय बोलताहेत."

"लोकांना सांग, सूड उगवायचा असता तर त्याच जेवणात गुंड्यांचे दोरे कापले असते. लग्नाच्या नाचात निघून आल्या असत्या."

मला संताप आला. उघड सांगते, तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. स्वतःच्या मानापायी ही एका विधवेच्या तोंडचा घास काढतेय, असंच मला वाटत होतं.

कोर्टाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. डिलिया पहिल्या बाकावर, तोच निळा कोट घालून. न्यायाधीश सर्दीनं बेजार, सारखा नाक पुसत होता. सार्जंटनं बँकेच्या मॅनेजरकडून एक जाडजूड शब्दकोश मागून आणला होता. त्यानं बोट ठेवून वाचलं, "रक्शन्स, म्हणजे गोंधळ, दंगल, मारामारी." मग मावशीकडे वळून विचारलं, "हा शब्द तुम्ही वापरलात?"

"वापरला."

"मागे घेता?"

"नाही."

डिलियानं मान खाली घातली.

मावशी न्यायाधीशाला म्हणाली, "साहेब, हे पुस्तक कुठं छापलंय?"

सार्जंटनं पहिलं पान उलटलं. "लंडन."

"तरीच." मागच्या बाकांवर हशा पिकला. मावशी हसली नाही. "आमच्या घरातली वस्तू कशाला लागते, हे पलीकडच्या शेजाऱ्याला काय विचारायचं? माझे आजोबा सांगायचे, सतराशे अठ्ठ्याण्णवचं इंग्रजांविरुद्धचं बंड झालं तेव्हा शिकलेली माणसं त्याला इन्सरेक्शन म्हणायची. आमच्या लोकांच्या तोंडात एवढा मोठा शब्द मावेना, शेपूट तेवढं राहिलं, रक्शन्स. बंड मोडलं, माणसं फासावर गेली. शब्द मात्र आम्ही ठेवून घेतला आणि घरात वापरायला काढला. खरंखोटं आजोबांना ठाऊक. पण दीडशे वर्षं वापरतोय, त्याचा अर्थ आम्हाला कळतो."

"मग तो सांगा," न्यायाधीश म्हणाला.

"दोघं दबक्या आवाजात बोलली की ती कुरबूर. दार आपटलं की बाचाबाची. आणि सगळ्यांचे आवाज एकदम चढले, कोण कुणाला काय म्हणतंय ते कळेना, आणि तरी कुणी घरी जायला तयार नसलं, की ती रक्शन्स. हात उचलला की ती रक्शन्स राहत नाहीत, मारामारी होते. सार्जंट, लहानपणी तुम्ही उशिरा घरी आलात तर आई काय म्हणायची?"

सार्जंटचे कान लाल झाले. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "म्हणायची, बाबा आले की रक्शन्स होतील."

"मग झाली का घरात दंगल?"

"नाही."

"जेवायला वाढलं?"

"वाढलं," सार्जंट पुटपुटला. पण वही हातात धरून म्हणाला, "हे सगळं तोंडी झालं, साहेब. त्या पबात खरोखर काय होतं, याला पुरावा काय?"

मावशी सावकाश डिलियाकडे वळली. "डिलिया, कुठली बाही लांब आहे गं?"

डिलियानं मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग डिलिया उठली आणि म्हणाली, "डावी."

"तुझा हात आखूड आहे."

"माझा हात देवानं मोजून दिलाय. तुझी पट्टी वाकडी."

"माझी पट्टी वाकडी, तर तीस वर्षं हा कोट अंगावर का वागवतेस?"

"फेकून दिला असता तर तू म्हणाली असतीस, डिलिया हरली!"

एवढ्यात खिडकीपाशी उभा असलेला मायको लोहार गरजला, की दोघी चुकताहेत, लांब आहे ती उजवी. मग काय, पोस्टमन उठला, पाववाला उठला, अर्धं कोर्ट डावीकडे, अर्धं उजवीकडे. कोर्टाचा कारकून, जो डिलियाच्या लग्नात जेवला होता, तोही लेखणी टाकून ओरडायला लागला. न्यायाधीश टेबल ठोकतोय, सार्जंट "शांतता, शांतता" करतोय, आणि त्या गदारोळात मीच बाकावर चढून ओरडतेय की बाही बरोबर आहे, हे मला नंतर लोकांनी सांगितलं.

मावशीनं हात वर केला. हळूहळू सगळे गप्प झाले.

"आता मोजा, साहेब," ती म्हणाली. "कुणाचं नाक फुटलं? खुर्ची मोडली? कुणी उठून घरी गेलं? ही रक्शन्स. डिलियाकडे दर रविवारी होतात, हे मी शपथेवर सांगते. एखाद्या रविवारी ऐकू आली नाहीत, तर मात्र सार्जंटनी जरूर यावं. कुणीतरी मेलेलं असेल."

न्यायाधीशानं परवाना दिला. नाक पुसत उठता उठता म्हणाला, "मला विचाराल तर उजवीच लांब दिसतेय." आणि पुन्हा सुरू झालं.

बाहेर पायऱ्यांवर डिलिया मावशीला म्हणाली, "सरळ मागे घेतला असतास शब्द, तर माझ्या जिवाला एवढा घोर लागला नसता."

"आणि उद्यापासून माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवला असतास?"

डिलियानं कोटाची गुंडी लावली आणि म्हणाली, "तरी डावीच लांब आहे." आणि दोघी रस्त्याच्या दोन कडांनी घरी गेल्या. मी मागून चालत होते. ही माझी मावशी आहे, असं रस्त्यातल्या प्रत्येक अनोळखी माणसाला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

मावशी त्यानंतर सतरा वर्षांनी गेली, मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी अंत्यदर्शनाला घर माणसांनी भरलं होतं, चहा फिरत होता, सगळे हळू आवाजात बोलत होते. डिलिया काठी टेकत आली. एवढ्या उकाड्यात तोच निळा कोट. ती शवपेटीपाशी उभी राहिली, मावशीकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नोनी, डावी बाही लांब आहे."

आणि उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.

कप वाजायचे थांबले. डिलिया जागची हलेना, ते मला बघवेना. आजवर मी तिला डिलियाकाकू, तुम्ही, असंच म्हणत आले होते. मी उठले, मावशीच्या उशाशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बाही बरोबर आहे. तुझाच हात आखूड आहे, डिलिया."

तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "पट्टी हिलाही वाकडीच मिळालीय," ती म्हणाली.

"उजवी," कोपऱ्यातून म्हातारा मायको म्हणाला.

मग पेटीच्या दोन्ही बाजूंनी आवाज चढत गेले, पार रस्त्यापलीकडे ऐकू गेले, आणि कुणीही घरी जायला तयार नव्हतं.