सहासष्ट आणि शहाण्णव

महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत माझा उजवा पाय टेबलाखाली सारखा हलायचा. शेजारच्या टेबलावरचे टायपिस्ट एकदा म्हणाले, "ताई, तुमच्या पायामुळं माझ्या ओळी वाकड्या यायल्यात." मी पाय आवरायची, दोन मिनिटांनी तो पुन्हा सुरू व्हायचा.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी कनिष्ठ लिपिक होते. वडील पोखर्णीला प्राथमिक शाळेत शिक्षक. नोकरीचा कागद आला तेव्हा ते इतकंच म्हणाले होते, की अक्षर चांगलं आहे, तेच कामाला येईल. खोली भाड्यानं घेतली, वय तेवीस, आणि तिसऱ्याच महिन्यात माझ्याकडे विवरणपत्राचं टेबल आलं. त्या टेबलावर कोणी टिकत नसे, हे मला नंतर कळलं.

काम सांगायला सोपं होतं. नवा दावा दाखल झाला की त्याच्यावर एक छापील पान लागायचं. वादी कोण, प्रतिवादी कोण, दावा कशाचा, गाव कुठलं, आणि वर कोपऱ्यात दाव्याचा नंबर. मी त्या पानावरून रजिस्टरात नोंद करायची. महिना संपला की मागची शिल्लक किती, नवे किती आले, निकाली किती निघाले, शिल्लक किती राहिले, असा तक्ता भरायचा. सोबत निकाली निघालेल्या दाव्यांची नंबरवार यादी. हे सगळं चार-पाच तारखेच्या आत परभणीला आणि तिथून वर. वर म्हणजे कुठे, ते मी कधी पाहिलं नाही. तिथून कागद मात्र यायचे : निकालीचं प्रमाण कमी का, खुलासा करावा.

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. कधी बंद पुकारला जायचा, कधी कुठे दगडफेक झाल्याची बातमी यायची, एसटी डेपोतच उभ्या राहायच्या. त्या जानेवारीत असे दिवस फार आले. पक्षकार नाहीत, साक्षीदार नाहीत, वकील येऊन सही करून परत जायचे. निकाली दावे बोटांवर मोजण्याएवढे. आमचे न्यायाधीश तरुण होते, ही त्यांची पहिलीच नेमणूक. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवशी त्यांनी जुने, कोणीच न येणारे दावे बोर्डावर, म्हणजे भिंतीवर लागणाऱ्या त्या दिवसाच्या यादीत, घेतले. पुकारा व्हायचा, कोणी उभं राहायचं नाही, गैरहजेरीत दावा काढून टाकला जायचा. आमच्या ऑफिसचे अधीक्षक नंबर वाचत होते आणि मी लिहीत होते. शेवटच्या दिवशी सहा वाजून गेले होते. पाय हलत होता. तक्ता पूर्ण झाला, बेरीज पहिल्याच फटक्यात जुळली. मला इतकं हायसं वाटलं, की त्या दिवशी खोलीवर जाऊन मी पिठलं केलं आणि शेजारच्या बाईंना बोलावून वाढलं.

फेब्रुवारीत एका तारखेला पालमकडच्या एका खेड्यातली बाई माझ्या टेबलाशी आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी. तिला मी चेहऱ्यानं ओळखत होते, कारण ती एकही तारीख चुकवत नसे. नवरा वारलेला. विहीर सामाईक, आणि दीर पाण्याची पाळी देत नव्हता, म्हणून तिनं दावा लावला होता. दाव्याचा निकाल लागेपर्यंत आठवड्यातले दोन दिवस पाणी तिचं, दिरानं अडवू नये, असा तात्पुरता मनाई हुकूम तिला मिळालेला होता.

"बाई, बोर्डावर माजं नाव न्हाई म्हनून शिपाई सांगायलाय."

मी रजिस्टर उघडलं. शहाण्णव नंबर. समोर लाल शाईत : गैरहजेरीत निकाली.

"तुमचा दावा निकाली निघालाय," मी म्हणाले. आवाज कोरडाच होता माझा. असं मी रोज कोणा ना कोणाला सांगत होते. "गेल्या महिन्यात. तुम्ही आला नव्हता ना तारखेला."

"म्या? म्या तर दर तारखेला येते. बंद व्हता त्या दिशी बी ट्रॅक्टरवर बसून आले व्हते. आजचीच तारीख देली व्हती मला."

मागे तिचा दीर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. पुढे येऊन त्यानं विचारलं, "म्हंजे मनाई हुकूम बी गेला का?"

दावाच गेला तर हुकूमही गेला, हे मला पाठ होतं. मी मान हलवली. त्यानं लगेच त्या नोंदीच्या नकलेचा अर्ज लिहायला घेतला. त्या बाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "गहू फुलोऱ्यात हाय," ती म्हणाली. मला की स्वतःला, कोणास ठाऊक. तिचे वकील त्या आठवड्यात बाहेरगावी होते. ती निघून गेली.

त्यानंतर मला बसवेना. जेवताना घास हातात धरून मी तिचं वाक्य आठवायची : आजचीच तारीख देली व्हती. बंदच्या दिवशी ट्रॅक्टरवर बसून येणारी बाई गैरहजर कशी राहील? उद्या बघू, असं मी दोन दिवस म्हणत राहिले. खरं म्हणजे मला बघायचं नव्हतं. हातातलं काम सोडून मी उगाच पाणी प्यायला उठायची, व्हरांड्यात जायची, परत यायची. आणखी तीन दिवस असेच गेले.

सहाव्या दिवशी शिपायाकडून किल्ली घेतली आणि रेकॉर्ड रूममध्ये गेले. जानेवारीच्या निकाली फायलींचं लाल फडक्यातलं गाठोडं सोडलं. शहाण्णव नंबर वरच होता. शेवटची नोंद वाचली : वादी हजर, पुढील तारीख दिली, मनाई हुकूम कायम. दावा काढून टाकल्याचा शब्द कुठे नव्हता. मग चालू दाव्यांच्या रॅककडे गेले; खरोखर काढून टाकलेला दावा तिथेच राहिला असणार. एकेक फाईल काढून शेवटची नोंद वाचत गेले. सहासष्ट नंबरची फाईल तिथे होती. एका जुन्या बांधाच्या भांडणाची. त्यातले दोघंही पक्षकार वर्षभरात फिरकले नव्हते. तिच्यात न्यायाधीश साहेबांची सही : गैरहजेरीत काढून टाकण्यात येतो.

अधीक्षकांनी सहासष्ट वाचलं होतं आणि मी शहाण्णव लिहिलं होतं. माझ्या यादीवरून रजिस्टरात लाल नोंद झाली, त्याच यादीवरून शिपायानं फाईल उचलली. बेरीज जुळली, कारण एकाच्या जागी एकच गेला होता.

मी दोन्ही फायली घेऊन अधीक्षकांपुढे ठेवल्या. ते हैदराबादी शिस्तीतले जुने गृहस्थ, चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. निकालाला अजून फैसला म्हणायचे आणि फायलीला मिसल. त्यांनी चष्मा काढला.

"ताई, बेरीज बरोबर हाय ना?"

"हो."

"मग खाली ठेवा. ह्या दोन मिसली गुमान बदला, लाल नोंद खोडून घ्या, बाईला तारीख लावून द्या. वर कुनाला पत्ता लागनार न्हाई."

"पण दिरानं नक्कल नेलीय. तिच्यात दावा निकाली असं आपल्या शिक्क्यानिशी लिहिलंय. तो पाणी कसं देईल?"

"ते तिचे वकील बगतील." मग जरा नरमाईनं म्हणाले, "यादी वर गेलीय. दुरुस्ती म्हंजे साहेबांनी खुलासा द्यायचा. नव्या मानसाला पहिल्याच साली कशाला डाग? अन् तुमची नोकरी तरी किती दिवसांची?"

ते मला वाचवायला बघत होते, यात शंका नाही. मी जागेवर येऊन बसले. अर्धा तास काही सुचलं नाही. नोकरी गेली तर वडिलांना काय सांगायचं, हे मनात घोळत होतं. मग उठले, आणि आपण उठलोय हे कळायच्या आत साहेबांच्या चेंबरच्या दारात उभी होते.

त्यांनी दोन्ही फायली पाहिल्या. यादी पाहिली.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"कधी कळलं?"

"नक्की आज कळलं. संशय सहा दिवसांपूर्वीच आला होता."

त्यांनी शहाण्णवची फाईल पुन्हा उघडली. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "सहा दिवस. गव्हाला सहा दिवस म्हणजे काय, ठाऊक आहे?" त्यांचं घर शेतकऱ्याचं होतं. अधीक्षकांना बोलावून त्यांनी तिथल्या तिथे आदेश सांगितला : चुकीची नोंद रद्द, दावा चालू, मनाई हुकूम पहिल्या दिवसापासून अखंड लागू, दोन्ही बाजूंना प्रत. परभणीला दुरुस्तीचं पत्र. आणि मला लेखी ज्ञापन, म्हणजे चुकीचा खुलासा मागणारा कागद.

पण आदेश पोचवणारा बेलिफ तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावांत समन्स घेऊन गेला होता. तो मंगळवारी येणार. आणि आज शुक्रवार.

शनिवार कसाबसा काढला. रविवारी सकाळी मी पालमची एसटी पकडली. मला कोणी सांगितलं नव्हतं, सांगितलंही नसतं, कोर्टाच्या माणसानं असं पक्षकाराच्या दारी जाणं बसतच नाही. पालमहून कोसभर चालत गेले. रस्त्यात दोनदा परत फिरावंसं वाटलं.

ती शेतातच होती. मला पाहून घाबरली. तिला वाटलं, आणखी काही झालं.

"दावा चालू आहे," मी धापा टाकत म्हणाले. "मनाई हुकूमही चालू आहे. माझी चूक झाली होती. माझ्या हातानं नंबर चुकला. साहेबांनी आदेश काढलाय."

तिनं ऐकून घेतलं. "कागद आनलाव का?"

"नाही. तो बेलिफच आणील, मंगळवारी."

"मग बाई," ती शांतपणे म्हणाली, "तोंडी सांगून काय व्हायचंय? आमच्याकडं तोंडी तर समदंच हाय."

तिच्यामागे गहू दिसत होता. खालच्या अंगाचा हिरवा, वरच्या अंगाचा पिवळट पडलेला, आणि तो पिकल्याचा पिवळा नव्हता. विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीला दिरानं कुलूप घातलं होतं. तिनं मला बांधावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. माझ्यावर चिडली नाही, समजूतही घातली नाही. "पालमची गाडी दोनला हाय, चुकंल," एवढंच म्हणाली.

मंगळवारी बेलिफ आला, त्याच दुपारी आदेश घेऊन गेला. परत आल्यावर म्हणाला, दिरानं प्रत तीनदा वाचून घेतली, मग कुलूप काढलं.

पुढच्या तारखेला ती आली तेव्हा मी स्वतःहून उठून तिच्याकडे गेले. "गहू?" मी विचारलं.

"अर्धा आला." मग म्हणाली, "तुमी जिथं लिवता ते दाकवा मला."

मी रजिस्टर काढून नोंद दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. ती वाकून पाहत राहिली, मग त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो माजा? ह्याचं तोंड कुनीकडं हाय?" मी तिला नऊ आणि सहा कागदावर मोठे काढून दाखवले. तिनं तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. तिथून पुढे ती दर तारखेला आधी बोर्डापाशी जायची, बोट फिरवत आपला नंबर शोधायची, आणि सापडला की मगच बाकावर बसायची. कोणाला विचारायची नाही.

ज्ञापनाच्या उत्तरात मी चूक कबूल केली. सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. साहेबांनाही वरून विचारणा झाली, त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कधी कळलं नाही. विवरणपत्राचं टेबल माझ्याकडेच राहिलं. अधीक्षक निवृत्त होताना म्हणाले, "ताई, तुमी लय जीवाला लावून घेता." मी हसले.

दावा दीड वर्षानं निकाली निघाला, तिच्या बाजूनं. आठवड्यातले दोन दिवस पाणी कायमचं तिचं. निकालाच्या दिवशी न्यायाधीश दुसरे होते. मला तिनं मुद्दाम बाहेर बोलावून घेतलं. ती व्हरांड्यात उभी होती, शेजारी दीरही. नक्कल किती दिवसांत मिळते, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हणाले, आठ दिवस. ती म्हणाली, "मग म्या आठ दिसानं येते," आणि दिराच्याच सोबत एसटीकडे चालू लागली.