केळापूरची गळाभेट

रडण्यात सुखीबाईचा हात धरणारी बाई लोहाऱ्यापलीकडच्या तांड्यात दुसरी नव्हती. हे ऐकून कोणी नाक मुरडू नये. बंजाऱ्यांच्या बायांत आपलं माणूस फार दिवसांनी भेटलं की ओढणी तोंडावर ओढायची, गळ्यात पडायचं आणि सुरात रडायचं. कोण गेलं, कोण जन्मलं, कोणाचा बैल मेला, कोणी कोणाला काय लावून बोललं, सगळं त्या रडण्यातच सांगायचं. मग डोळे पुसायचे आणि तंबाखूची चंची काढायची. रडणं चालू असताना मधे कोणी बोलायचं नाही, हा कायदा. सुखीबाईने सूर लावला की बाकीच्या बाया चुलीवरची भाकर टाकून ऐकायला येत.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. हंगाम संपून यवतमाळचं जिन बंद झालं आणि तिथे कापसाच्या गाठी उचलणारा तिचा नवरा देवीलाल मोकळा झाला. देवीलालला यष्टीत बसायचा भारी शौक. "चाल, तुले देव दाखवून आणतो," तो म्हणाला. "सकाळी कळंबचा चिंतामणी, दुपारून केळापूरची जगदंबा." सुखीबाई लगेच हो म्हणाली, पण देवासाठी नव्हे. तिची धाकटी बहीण हंसाबाई केळापूरजवळच्या तांड्यात दिली होती.

त्यांची याडी, म्हणजे आई, काही वर्षांमागे भर पावसाळ्यात वारली. निरोप घेऊन निघालेला माणूस पुरात अडकला आणि हंसाबाई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. एरवी थोरलीला 'बाई, बाई' करत मागे फिरणारी ती पोर "मले बहीण नाही" एवढंच बोलून माघारी गेली. त्यानंतर तोंड नाही, निरोप नाही. आता सुखीबाईनेच कळवलं होतं, की जगदंबेच्या देवळात ये. येते म्हणून उत्तर आलं नाही, येत नाही म्हणूनही नाही.

कळंबला देवीलाल रंगात आला. तिथलं देऊळ जमिनीच्या पोटात. पायऱ्या उतरून जायचं, मग तो गारवा आणि गणपती. "पाह्य, बाहेर उन्हानं जीव जाऊन राह्यला आन देव कसा मजेत बसला हाय," तो म्हणाला. त्याने कुंडाचं पाणी डोक्यावर घेतलं, नारळ फोडला आणि हौस म्हणून पुन्हा एकदा खाली जाऊन आला. सुखीबाईने हात जोडले. "झालं ना? चाला आता."

केळापूरसाठी धरलेल्या पांढरकवड्याच्या गाडीत तिने खिडकीकडे तोंड केलं आणि रडण्याची उजळणी सुरू केली. याडीचं दुखणं कुठे घ्यायचं, पुराचं कुठे सांगायचं, कुठे सूर चढवायचा, सगळं हळूहळू गुणगुणत. तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबला.

"कोणी वारलं काय, भाऊ?"

"वारलं, पण लय दिस झाले," देवीलाल म्हणाला. "हे बहिणीसाठी चालू हाय."

कंडक्टरला काही उमगलं नाही. त्याने तिकीट दिलं आणि पुढच्या बाकाकडे सरकला.

केळापूरला देवळासमोर निंबाच्या सावलीत एक बाई पाठमोरी उभी होती. आरशांचा घागरा, हातभर पांढऱ्या बांगड्या, तीच उंची, एका पायावर भार देऊन उभं राहायची तीच तऱ्हा. सुखीबाईने पुढचं-मागचं पाहिलं नाही. ओढणी ओढली आणि धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली.

मग काय विचारता. "याडी तुह्यं नाव घेत गेली वं, हंसा. दाराकडं पाहू पाहू गेली. म्या माणूस धाडला, त नदीनं त्याले अडवलं. नदीचा राग माह्यावर काहून काढला वं? याडीच्या तोंडात म्या दोनदा पाणी घातलं. येकदा माह्या हातानं, येकदा तुह्या नावानं."

ती बाईही हात न राखता रडली. पण तिच्या रडण्यात कोणी रामधन येऊ लागला, मग त्याची म्हैस आली. सुखीबाई मनात चरकली, तरी कायदा तो कायदा. रडणं पुरं झालं, ओढण्या वर झाल्या, आणि समोर अनोळखी तोंड.

"तू कोण वं?"

"मी घाटंजीकडची मानीबाई. तू गळ्यात पडली, मंग न रडता सोडू कशी तुले?"

देवीलाल तोंड फिरवून हसू दाबत होता. सुखीबाईला मात्र हसू येईना. इतक्या वर्षांचं साठवलेलं रडणं परक्या बाईवर उधळून झालं होतं. डोळे कोरडे, घसा बसलेला. आता हंसा आली तर तिच्यापुढे काय मांडायचं?

"झालं काय तुमचं?" मागून आवाज आला.

देवळाच्या पायरीवर हंसाबाई बसली होती. केव्हाची आली होती. मधे बोलता येत नाही म्हणून बसून राहिली होती.

"म्या तुह्यासाठीच आणलं व्हतं, हंसा," सुखीबाई कशीबशी म्हणाली. "सारं हिलेच देऊन बसली."

"आयकलं म्या." हंसाबाई पायरीवरून उठली. "पाण्याचं बी आयकलं. ते मले कोणीच सांगतलं नव्हतं."

"आता माह्याजवळ रडू नाही उरलं वं."

"मंग उभी राह्य चुपचाप. आता माही पाळी हाय."

हंसाबाईने ओढणी ओढली, तिच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. पहिलाच शब्द निघाला, "बाई". सुखीबाईचे कोरडे डोळे तेवढ्यानेच वाहू लागले.

यवतमाळची शेवटची गाडी रस्त्यावर येऊन भोंगा वाजवत थांबली होती. देवीलालने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बहिणींकडे पाहिलं, आणि गाडी जाऊ दिली.