संमतीवरचा निबंध

तंबाखू वाळत घातल्याचा वास आला, की मला निपाणीच्या घरातली ती दुपार आठवते. बेळगावच्या सभेत वाचायला मी ‘विवाहात स्त्रीची संमती’ असा निबंध लिहिला होता. माझं अक्षर किरटं, म्हणून धाकटी बहीण माजघरात बसून तो स्वच्छ उतरवून देत होती. तेवढ्यात बाहेर सोप्यात आप्पांनी सदलग्याच्या पाहुण्यांसमोर तिच्याच लग्नाची सुपारी फोडली. तो आवाज ऐकून तिची लेखणी थांबली. “अण्णा, मला कुणी इचारलंच न्हाय,” ती म्हणाली. मी म्हणालो, “आधी तेवढं शेवटचं पान पुरं कर गं, उद्या सभा हाय.” तिनं केलं. सभेत टाळ्या लई पडल्या. ते कागद अजून माझ्याकडं आहेत. शेवटचं पान मात्र मला वाचवत नाही. तिथंही तिचं अक्षर जराही हललेलं नाही.