सासूबाईंचे दोन कागद

आमच्या सासूबाईंनी कुणाला विचारून काही केलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हणून त्या सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला, "बाबू, चहा मांडू काय?" असं विचारलं, तेव्हा कणीक मळता मळता माझे हात थांबले. थोड्या वेळानं भाजी कोणती करायची, तेही त्यालाच विचारलं. मग गाईला चारा टाकायचा का, हेसुद्धा! त्याला बिचाऱ्याला दुधी आणि दोडका यांतला फरक ताटात वाढल्यावर कळतो.

आदल्या दिवशी आदिलाबादला जाऊन आम्ही त्यांचा मुखत्यारनामा केला होता. शेत त्यांच्या नावावर, बँकेचं खातं त्यांचं आणि गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला, ऐन कापूस विकायच्या दिवसांत. म्हणून लेकाच्या नावानं कागद. लिहिणाऱ्यानं तो तेलुगूत लिहिला, घाईघाईत हिंदीत सांगितला आणि सासूबाईंनी मराठीत सही केली.

"आई, काऊन असं करून राह्यल्या?" मी शेवटी चिडून विचारलं.

"आता मुखत्यार तो हाय. मी कोण?"

त्यांच्या माहेरी म्हणे एका जमीनदाराचा मुखत्यार होता. सारं गाव त्याच्या शब्दावर चाले आणि मालक नुसते पान खात बसत. आपणही आता तसंच बसायचं, असा सासूबाईंचा समज. ऑपरेशनलाही लेक म्हणेल तरच जाणार होत्या.

मी हात धुऊन त्यांच्यासमोर बसले. "तो तुमच्यासाठी कापूस विकन, बँकेत सही करन. कागदात लिवलं तेवढंच. शेत तुमचंच हाय, तुमची सहीबी चालते. मनात आलं त कागद रद्द करता येते."

"मंग हे कालच काऊन नाही सांगतलं?" म्हणत त्या उठल्या आणि माझ्या नवऱ्यावर ओरडल्या, "पाह्यतं काय? टाक गाईले चारा!" मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

"हाच कागद दवाखान्यात चालन?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्याले दुसरा लागते. तुमी शुद्धीवर हाय तवर तुमीच बोलसान. बोलता नाही आलं, तवाच दुसरं माणूस तुमची मर्जी डॉक्टरले सांगन."

सासूबाई एकदम गंभीर झाल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला शेवटी नळ्या लावून ठेवलं होतं. मला घरी न्या, असं तिनं आधीच बजावलं होतं. पण तिची वाचा गेल्यावर ते डॉक्टरांना सांगायला घरातलं कोणी धजावलं नाही. सासूबाईंना भीती ऑपरेशनची नव्हती, याची होती.

"त्या दुसऱ्या कागदात माझं नाव लिवू," चारा टाकून आलेला नवरा म्हणाला.

"तू डॉक्टरसमोर रडत बसशीन. हिचं लिव." माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ही भांडन."

माझ्या तोंडाळपणाची तक्रार त्यांनी गावभर केली आहे, माझ्या आईकडेसुद्धा. आता त्याच तोंडावर त्या आपला जीव सोपवत होत्या. मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"भांडीन ना, आई," मी म्हणाले. "तुमच्यासंगंच भांडून भांडून शिकली मी."