महालातल्या विलायती सुऱ्या

ती घटना मी विसरलो असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर त्याच्यावर खोटी साक्ष दिल्याचा गुन्हा दाखल करा. पोलीस खात्यात माझी हयात गेली. एवढे चोर पकडले की शेवटी शेवटी चोरच मला रस्त्यात थांबवून तब्येत विचारायचे. त्यातले बहुतेक चेहरे आता एकमेकांत मिसळून गेलेत. नागपूरच्या महाल भागातल्या त्या म्हाताऱ्याचा चेहरा मात्र कशातच मिसळत नाही. नावं सांगणार नाही. बाकी सगळं सांगतो, आणि तेही कमी करून सांगतो.

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की सील करायच्या लाखेला आम्ही काडी लावत नव्हतो. डबीतून काढली की ती आपणहून वितळून पंचनाम्यावर पडायची. अशा वेळी ठाण्याच्या जुन्या लँडलाइनवर फोन आला: महालातल्या अमुक गल्लीत, अमुक घरात, इंग्रजांच्या काळच्या सुऱ्या आहेत, भिंतभर. ताबडतोब या आणि घेऊन जा.

आता टीप म्हणजे काय, हे ज्याने पोलीस ठाणं चालवलंय त्यालाच कळतं. फोनवर 'सुऱ्या' होत्या. ठाणे अंमलदाराने हवालदाराला सांगितलं तेव्हा त्या तलवारी झाल्या. हवालदार माझ्या केबिनपर्यंत पोहोचला तोवर त्याचा शस्त्रांचा कारखाना झाला होता. आणि मी वरिष्ठांना फोन लावला तेव्हा, खोटं कशाला बोलू, फक्त तोफ तेवढी सांगायची राहिली.

पण एक गोष्ट खटकली. ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, आवाज काही समजला नाही. तोंडात रुमाल कोंबून बोलल्यासारखा होता. अन् शेवटी म्हणे, नेताना एकावर एक रचू नका, सुती कपड्यात वेगवेगळ्या गुंडाळा, चामड्याले घामाचे हात लावू नका."

शेजारी टीप देतो ती रागाने, भागीदार देतो ती भीतीने, आणि सख्खा भाऊ देतो ती दोन्हीने. मुद्देमालाची एवढी काळजी करणारा खबऱ्या मात्र मी पहिल्यांदाच ऐकला.

ती गल्ली एवढी अरुंद होती की माझं पोट आधी पोहोचलं आणि मी मागून. दोन्ही बाजूंना दुचाक्या, वर प्रत्येक गॅलरीत माणसं. दार उघडलं ते एका किडकिडीत म्हाताऱ्याने. अंगात बनियन, डोळ्यांवर जाड चष्मा. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला माणूस. आम्हाला पाहून घाबरायचं सोडून त्याचा चेहरा उजळला.

"या या साहेब! पाहाले आले का? पण बूट बाहेर काढा जी, चटई आहे."

आणि आम्ही काढले! सहा शिपाई, दोन पंच आणि एक पोलीस निरीक्षक, सगळे मोज्यांवर शस्त्रांच्या कारखान्यात शिरले. त्यातल्या दोघांचे मोजे फाटके होते. तो माझ्या नोकरीतला सर्वांत लाजिरवाणा छापा.

भिंत पाहिली आणि मी टोपी काढली. मी टोपी काढणं ही स्टेशन डायरीत नोंदवण्यासारखी बाब आहे. सांबरशिंगाच्या मुठीच्या शिकारी सुऱ्या, बाजूला त्यांची चामडी म्यानं. फौजी लोकांच्या घडीच्या सुऱ्या, डबे फोडायचं पातं आणि दोरीच्या गाठी सोडवायचा सुवा असलेल्या. खाली ओळीने बंदुकीला लावायच्या संगिनी. प्रत्येकीखाली चिठ्ठी, आणि कुठे गंजाचा ठिपका नाही.

कायदा असा, की पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर परवाना लागतो. एक पंच शिंपी होता. त्याने आपला टेप काढून पाती मोजली, आणि सवयीप्रमाणे अर्धा इंच शिलाईसाठी सोडून लिहायला निघाला. त्याला आवरलं. नियमात न बसणाऱ्या निघाल्या त्या फक्त संगिनी. पण टीप कारखान्याची होती आणि वरिष्ठ वाट बघत होते. सगळंच जप्त करायचं ठरलं.

"गुंडाळायला काही कापड आहे का?" मी विचारलं.

आतून काकू आल्या. म्हाताऱ्याची बायको, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. हातात जुन्या धोतराच्या तुकड्यांचा गठ्ठा. एकेक तुकडा नीट कापलेला. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

म्हाताऱ्याला, म्हणजे काकाजींना, ठाण्यात आणलं. कोठडीत टाकायचा जीव झाला नाही, बाकावर बसवलं. माझी चौकशीची पद्धत त्या काळी प्रसिद्ध होती. मी काही बोलायचो नाही, नुसतं बघायचो. त्या नजरेपुढे एका पाकीटमाराने न केलेल्या तीन चोऱ्याही कबूल केल्या होत्या. काकाजींवर तिचा काही परिणाम झाला नाही. उलट त्यांनीच मला शिकवायला घेतलं.

"ही पाहा साहेब. विलायतेतल्या शेफील्डची. कामठीच्या छावणीतला एक बंगला रिकामा झाला, त्याच्या भंगारात सापडली. ही कन्हानच्या भंगारवाल्याकडे खिळ्यांच्या पोत्यात होती. ड्युटी सुटली की मी सायकलनं फिरत राहायचो."

"हिने किती वाघ मारले असतील?" मी सांबरशिंगाची सुरी दाखवून विचारलं.

काकाजी हसले. "वाघ? वाघ तर बंदुकीनं मारत, साहेब. अन् तोही मचाणावर बसून. यानं ते पावाले लोणी लावत. पण विलायतेले चिठ्ठी लिहिताना वाघच लिहीत असतील, नाही का?"

इंग्रजांबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

तासाभरात अर्धं ठाणं भोवती जमलं. फक्त एक गोष्ट मी हेरली होती. काकाजी सगळं डाव्या हाताने दाखवत होते. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. हात लपवणारा माणूस काहीतरी लपवतोच, हा माझा अनुभव.

"काकाजी, तो हात दाखवा."

"काही नाही जी. कोहळा कापताना लागलं." तळव्यावर जाड पट्टी होती. दाखवला आणि लगेच पुन्हा मांडीखाली.

इकडे टीप ज्या नंबरवरून आली तो टेलिफोन खात्याकडून काढला, तर तो निघाला त्याच गल्लीच्या तोंडावरच्या औषधांच्या दुकानाचा. दुकानदार म्हणाला, "फोन? काकू आल्या होत्या नं, पट्टी अन् मलम न्याले. मोबाईल घरी विसरली म्हणे."

त्याच संध्याकाळी काकू डबा घेऊन ठाण्यात आल्या. मी महिला शिपायाला सोबत बसवलं आणि त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"काकू, ते धोतराचे तुकडे आधीच कापून कसे होते?"

"जुनं धोतर होतं. फरशी पुसाले फाडलं."

"सुऱ्यांच्या मापानं?"

काकूंनी डब्याचं झाकण उगाच दाबून पाहिलं.

"बरं, औषधांच्या दुकानातून फोन केला तेव्हा तोंडात रुमाल कशाला कोंबला होता?"

"रुमाल नव्हता साहेब, पदर होता," काकू म्हणाल्या, आणि झटकन जीभ चावली.

महिला शिपायाने तोंडाला वही लावली. मी माझ्या नजरेचं कौतुक करत खुर्चीत मागे रेलणार, एवढ्यात काकू रडू लागल्या.

"त्याइचा हात थरथर कापते, साहेब. दोन वर्षं झाले. चहाचा कप धरता येत नाही. अन् सुऱ्या काढून पुसाले बसतात. मागे मांडीले लागली, आता तळव्याले. टाके पडले. डॉक्टरले सांगतात कोहळा कापला. आमच्या घरी कोहळं कोणी खात नाही हो! एखाद दिवशी मी बाजारात असीन अन् हे इकडे..."

"मग त्यांना सरळ सांगायचं, काढून टाका म्हणून."

"मी म्हणलं तर काढतील नं. आज काढतील. अन् मग त्या रिकाम्या भिंतीकडे पाहत बसतील. हात तर गेलाच, आता बायकोलेही समजलं की हा माणूस कामाचा नाही राहिला, असं मनात घेतील. तुम्ही नेल्या तर तुम्हाले शिव्या देतील. शिव्या देणारा माणूस बरा राहते, साहेब."

मी पाणी दिलं.

"पण तुम्ही त्याइलेच उचलून आणाल हे मले काय माहीत? मले वाटलं, कचऱ्याची गाडी येते तसे याल, घेऊन जाल."

मी त्यांना धीर दिला. संगिनींची रीतसर नोंद होईल, जामीन होईल, फार काही होणार नाही. तसंच झालं. पुढे न्यायालयाने समज देऊन सोडलं आणि संगिनी सरकारजमा झाल्या. पण दुसरी गोष्ट सांगताना माझीच जीभ अडखळली. बाकीच्या सगळ्या सुऱ्या कायद्याने निर्दोष होत्या. त्या मला परत द्याव्या लागणार होत्या.

"लहान सुऱ्या?" काकूंनी विचारलं. "अहो, लागली ती लहानीच!"

मी नियम पालथे घातले. एरवी कायद्यात मला पाहिजे ती पळवाट सापडायची. माझ्यासाठी ती तिथे राखूनच ठेवलेली असायची. या वेळी नाही सापडली. ज्याची वस्तू त्याला परत, एवढंच. परतीचा आदेश आला आणि काकाजी नवा सदरा घालून, केस विंचरून ठाण्यात हजर झाले. मागे काकू. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

मुद्देमाल कारकुनाने सुऱ्या टेबलावर मांडल्या. तो फार काटेकोर माणूस. त्याने त्या स्वतःच्या कूलरसमोर ठेवून स्वतः उकाड्यात दिवस काढले होते.

"काकाजी, एकेक ओळखा, म्यानात घाला आणि पेटीत ठेवा," मी म्हणालो. पंच उभे होतेच.

त्यांनी पहिली उचलली ती सांबरशिंगाची, त्यांची लाडकी. डाव्या हातात म्यान. उजव्या हातात सुरी. टोक म्यानाच्या तोंडाशी नेलं आणि ते बाजूला घसरलं. पुन्हा नेलं. म्यानाच्या तोंडाला पितळी पट्टी होती, तिच्यावर पातं टकटक टकटक वाजू लागलं. समोरच्या बाकावर दोन ऑटोवाले धक्का कोणी मारला यावरून भांडत होते. तेही थांबले. वायरलेसवाल्याने आवाज बारीक केला. काकूंचा हात अर्धा उठला आणि पुन्हा पदराखाली गेला.

तिसऱ्यांदा टोक चामड्यावरून सरकून त्यांच्या अंगठ्याजवळ आलं. मी खुर्चीतून उठलो. काकाजींनी सुरी टेबलावर ठेवली, चष्मा नाकावर सरकवला, माझ्याकडे बघितलं आणि असे ओरडले की सीताबर्डीपर्यंत आवाज गेला असेल.

"साहेब! काय करून ठेवलं हे तुम्ही? म्यान आखडवलं! तुमच्या त्या भट्टीत ठेवून चामडं आखडवलं! सुरी जात नाही आता त्यात!"

मुद्देमाल कारकून लालबुंद झाला. "साहेब, मी तर कूलरसमोर—"

टेबलाखालून मी त्याच्या पायावर बूट ठेवला, आणि वजन माझं आहे हे ध्यानात घ्या.

"हो काकाजी," मी म्हणालो. "आखडलंय. आमचा हलगर्जीपणा झाला."

"बाकीचेही आखडले असतील!"

"सगळे आखडले, काकाजी. एकही धड नाही राहिलं."

"मग असा बिघडलेला माल मी घरी नेणार नाही! माझ्या भिंतीले शोभत नाही असा माल. तुम्ही बिघडवला, तुम्हीच सांभाळा. काचेत ठेवा. अन् तेल द्या." मग ते मागे वळले. आवाज एकदम खाली आला. "सांग वं याइले, कोणतं तेल."

काकू पुढे आल्या. "शिलाई मशीनचं," त्या म्हणाल्या. "दोन थेंब. जास्त नाही." आणि सांबरशिंगाची सुरी उचलून, न बघता, एका हिसक्यात म्यानात घातली. ठाण्यातल्या एकानेही ते पाहिलं नाही. पाहिलंच नाही, असा जबाब मी आजही प्रत्येकाकडून घेऊन देईन.

रीतसर संमती घेऊन त्या सुऱ्या एका संग्रहालयाला दिल्या. तिथे काचेमागे आहेत. तेल द्यायला काकू जातात आणि काकाजी स्टुलावर बसून तिथल्या माणसाला रागावतात. मुद्देमाल कारकून निवृत्त झाला तरी माझ्याशी नीट बोलत नाही. त्याच्या नोकरीतला तो एकमेव डाग, म्हणे.

लोकांच्या तोंडून खरं काढणं हे माझं काम होतं, आणि ते मी जोरात केलं. त्या दिवशी समजलं की काही खरं सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. ते वदवून घेण्याने कोणाचं भलं होत नसतं. तिथे पोलिसाने चूक आपल्या नावावर लिहून घ्यावी आणि गप्प राहावं. यातली गप्प राहायची गोष्ट मला जास्त जड गेली.

ज्याच्या घरी छापा पडतो, तो माणूस पहिला प्रश्न विचारतो: टीप कोणी दिली? खुनीसुद्धा खून बाजूला ठेवून आधी हे विचारतो. काकाजींनी कधीच विचारलं नाही. निवृत्तीनंतर एकदा दोघं मला भाजीबाजारात भेटले. काकू दोन पावलांवर मेथी निवडत होत्या. मी नको तो आगाऊपणा केला.

"काकाजी, फोन कोणी केला होता, हे तुम्ही कधी विचारलं नाही."

त्यांनी मेथीच्या जुडीकडे पाहिलं. जुडी धरलेला काकूंचा हात थबकला होता. मग काकाजी मोठ्याने म्हणाले, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं, "कोणी का केला असंना! म्यानं तर तुम्हीच आखडवली नं?"

"होय काकाजी," मी म्हणालो. "मीच."