उतारावरची दुसरी खेप

त्या हिवाळ्यात आमची प्लाटून उत्तर सीमेवरच्या एका उंच पोस्टवर होती. पोस्टचं नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. मी नाईक होतो, गाव जानेफळ. सोबत लान्स नाईक शरीफ पिंजारी होता, गाव डोणगाव. दोन्ही गावं मेहकर तालुक्यातली, त्यामुळे आम्ही एकमेकांना नावाने हाक मारतच नसू. तो मला 'जानेफळ' म्हणायचा, मी त्याला 'डोणगाव'. नवीन पोरं हसायची. शरीफ त्यांना सांगायचा, एवढ्या वर गाव आणता येत नाही, म्हणून माणसालाच गाव केलं.

पोस्टवरून दिसायचं ते फक्त पांढरं. झाड नाही, पाखरू नाही. लोक मोबाइलवर ज्या डोंगरांचे फोटो लावतात ते हेच. फोटोत ते सुंदर दिसतात. तिथे महिनाभर राहिलं की कळतं, आपण आहोत याची त्यांना खबरच नाही. एकदा संत्री ड्युटीवरून उतरल्यावर मी शरीफला म्हणालो, आपण मेलो तरी या पहाडाला पत्ता लागणार नाही. शरीफच्या वडिलांचं डोणगावात गाद्या भरायचं दुकान. तो बर्फाकडे पाहत म्हणाला, "पहाडाले काऊन लागन पत्ता? आपल्याले एकमेकाचा पत्ता असला म्हंजे झालं. बाकी एवढा कापूस पाहून माह्या बापाचा जीव जाईन बे."

पोस्ट आणि हेलिपॅड यांच्यामध्ये बर्फाचा एक तिरका उतार होता. आम्ही त्याला सासू म्हणायचो. ती झोपेत असताना निघायचं, ती पुन्हा झोपल्यावर परतायचं. म्हणजे पहाटे बर्फ कडक असताना सगळ्यांनी एका रोपला, म्हणजे दोराला, बांधून पलीकडे जायचं, हेलिपॅडवर सामान घ्यायचं, तिकडच्या बंकरमध्ये दिवस काढायचा आणि सावली पडून उतार घट्ट झाला की मागे फिरायचं. ऊन लागलं की उतार बंद. हा नियम शिपायापासून कर्नलपर्यंत सगळ्यांना पाठ होता. आमच्या आधीचं युनिट तो माणसं गमावून शिकलं होतं.

त्या दिवशी हेलिपॅडवर एक मोठे पाहुणे येणार होते. आमच्याच भागातले, मंचावर आणि मोबाइलच्या पडद्यावर नेहमी दिसणारे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. तेवढी जागाही त्यांना द्यायची नाही. आम्ही चौघं आणि आमचे कॅप्टन साहेब पहाटेच उतार ओलांडून पोचलो. सुखरूप पोचलो. आम्ही उतारावर असतानाच पहिल्या हेलिकॉप्टरने पाहुणे आले होते, सोबत कॅमेरावाले. त्यांच्या एका माणसाने उतरल्या उतरल्या ड्रोन उडवला, पण आम्ही तोवर उताराच्या कडेला लागलो होतो. पाहुण्यांनी मिठाई वाटली. शरीफचं गाव ऐकून त्याला मिठी मारली. म्हणाले, आपला वऱ्हाडचा वाघ.

मग त्यांनी ड्रोनचं चित्रीकरण पाहिलं. सावलीत सगळं काळं आलं होतं. एव्हाना उतारावर ऊन पसरलं होतं, बर्फ चमकत होता. ते कॅप्टन साहेबांना म्हणाले, पोरांना अर्ध्यापर्यंत जाऊन परत यायला सांगा, तिरंगा घेऊन. साहेबांनी नियम समजावला. पाहुणे हसले. सैनिक उन्हाला भितो का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या माणसाने खाली कुणाशी तरी बोलणं केलं आणि थोड्या वेळात रेडिओ वाजला.

"पोस्ट, गेस्ट की रिक्वेस्ट है. एक बार और करवा दो. ओव्हर."

"बेस, धूप आ चुकी है. मूव्ह नॉट सेफ. ओव्हर."

"रॉजर. जल्दी करवा दो. आउट."

आउट म्हणजे पुढे बोलायचं नाही. साहेबांनी तेव्हा बोलायला हवं होतं, हे त्यांनाही माहीत आहे. ते अजून मला फोन करतात. मी उचलतो.

आम्ही पुन्हा रोप बांधला. जाताना शरीफ पुढे, म्हणजे परतताना तो शेवटी. मी परतताना पुढे, झेंडा माझ्याकडे. गाठ आवळताना तो हळूच म्हणाला, "पह्यल्या खेपेले मी हासलो नाही वाटते. आता दात दाखवतो, थांब."

अर्ध्यातून वळलो. मी कडेपाशी आलो तेव्हा वरून कापडाचा तागा फाडल्यासारखा आवाज आला. उतार सरकला. रोपने मला मागे ओढलं. थांबलो तेव्हा आम्ही तिघं वर होतो, कुणी कमरेपर्यंत, कुणी गळ्यापर्यंत. शरीफ नव्हता. रोप सरळ खाली गेला होता.

त्या रोपच्या बाजूने आम्ही खणत गेलो. साहेब फावड्याने, मी हातांनी. हातमोजे कधी गेले कळलं नाही. आम्ही छातीइतके खोल गेलो होतो तेव्हा डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. त्यात पाहुणे होते. त्यांची सुरक्षा आधी. डॉक्टर घेऊन ते नंतर आलं.

शरीफ सापडला तेव्हा त्याच्या तोंडाभोवतीचा बर्फ वितळून पुन्हा गोठलेला होता. तो श्वासाने वितळतो. म्हणजे आम्ही वर खणत होतो तेव्हा काही वेळ तो खाली जिवंत होता.

मी आइस अॅक्स उचलली आणि पहाडावर घाव घालत सुटलो. साहेबांनी मला मागून धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच उतार पुन्हा स्वच्छ होता. त्याच्यावर काही उमटलं नव्हतं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. निष्कर्ष निघाला, नैसर्गिक आपत्ती. माझी दोन बोटं गेली, मेडिकल बोर्डाने मला घरी पाठवलं. आता मी खामगावच्या एका जिनिंगच्या गेटवर असतो. कापसाच्या गाड्या आत घेताना हाच विचार चालू असतो. पहाडाने काही ठरवलं नव्हतं, त्याला जाब विचारणं व्यर्थ आहे. ठरवलं ते एका माणसाने. या अफाट जगात माणसाची किंमत काय, असं लोक सुस्कारा टाकून विचारतात. माझं उत्तर आहे: माणूस ठरवतो, म्हणून त्याची मान धरता येते. ज्यांना मान सोडवायची असते ते निसर्गाचं नाव घेतात.

गेल्या वर्षी डोणगावात शरीफचं स्मारक झालं. अनावरणाला बोलावलं त्याच पाहुण्यांना. दगडावर कोरलं होतं, 'निसर्गाच्या प्रकोपात वीरमरण'. खाली अनावरण करणाऱ्याचं नाव, शरीफच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत.

मी आधी शरीफच्या आईकडे गेलो. चाचीला आजवर एवढंच माहीत होतं की बर्फ कोसळला. मी सगळं सांगितलं, श्वासाने वितळलेल्या बर्फासकट.

"पोचले होते तुमी? अन् त्यानं पुन्हा चालाले लावलं?"

"हाव, चाची."

"अन् तोच येऊन राह्यला?"

"हाव."

मग ती उठली. चहा ठेवला, मला पाजला आणि दारापर्यंत आली.

कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मला दोनच पुरे होते. नियम काय होता आणि तो कुणासाठी मोडला, एवढं सांगितलं. मग पाहुण्यांकडे वळलो. "साहेब, पोरं सुखरूप आली होती. पुन्हा कशाला पाठवली?"

माइक बंद झाला. पण तोवर मागच्या रांगेपर्यंत पोचलं होतं. पाहुणे उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, शांतपणे म्हणाले की दुःखात माणूस काहीही बोलतो, निसर्गापुढे आपण सगळे लहान. आणि पडद्याच्या दोरीकडे गेले.

चाची पहिल्या रांगेतून उठून तिथे आधीच उभी होती.

"हात लावू नका. निसर्गानं माह्या पोराले पुन्हा चाल म्हणलं नाही. तुमी म्हणलं. पडदा माह्या हातानं निघन. तुमी खाली उतरा."

सरपंचाने मान वर केली नाही. पाहुणे उतरले. गाडीपर्यंत दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. एकाही माणसाने हात जोडले नाहीत. त्यांचा चेहरा मी नीट पाहून घेतला. बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी पाथरवट आणून खालची ओळ तासून टाकली. माझ्यावर कार्यक्रम उधळल्याची तक्रार आहे. तारखेला जातो. ते अजून मंचावर दिसतात. जिथे दिसतील तिथे मी जातो, समोर बसतो, जमलं तर तोच प्रश्न विचारतो. मेहकरात त्यांनी मला पाहून भाषण लवकर आटोपलं. लोक म्हणतात, सोडून दे आता. मी सोडणार नाही.

दगडावर आता एकच नाव आहे. लान्स नाईक शरीफ पिंजारी, डोणगाव. गाद्यावाल्याचा पोरगा. ठेच्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही, गाणं बेसूर म्हणायचा आणि थांबवलं की आणखी मोठ्याने म्हणायचा. पहिल्या खेपेला तो सुखरूप पोचला होता.