पुडिंगसाठी वळलेली वाट

आमच्या गावातली पायवाट उकळत्या चिखलाच्या कुंडांमधून सरळ पुलाकडे उतरते. एकाच ठिकाणी मात्र ती उगाच वळसा घेते. गाव बघायला आलेले पाहुणे थबकून विचारतात, इथे खाली काय आहे? मी सांगतो, पुडिंग. ते हसतात. त्यांना वाटतं, वाटाड्या विनोदी आहे.

वाट राखणं हे माझं काम. जमीन कुठे पातळ झाली ते बघायचं आणि त्याप्रमाणे दोर बांधायचे. आमच्या पायांखाली सतत काहीतरी उकळत असतं. ही जमीन मेलेल्यांनाही आत घेत नाही. थडगी वरच बांधावी लागतात. आम्ही तिच्यावर कपडे वाळवतो, भांडतो, रताळी शिजवतो.

मेरेपेकाला सगळं गाव नॅन म्हणतं, म्हणजे आजी. तिच्या घरामागे जमिनीच्या भेगेवर तिची वाफेची पेटी होती. लाकडी खोका, वर झाकण, झाकणावर गोणपाट. सकाळी जेवण आत ठेवायचं, गावभर गप्पा मारून यायचं आणि दुपारी काढायचं. पेटी कुणाचीही असो, कुणीही वापरावी, फक्त दुसऱ्याचं शिजत असताना झाकण उचलू नये. नॅनचं कापडात बांधलेलं पुडिंग त्या पेटीतून निघालं की शेजारची माणसं आपापली बशी घेऊन सहज म्हणून यायची.

तिचा मुलगा टामेहाना समुद्रापलीकडे, ब्रिस्बेनला असतो. दर वर्षी यायचा आणि तिला तिकडे चल म्हणायचा. मागच्या हिवाळ्यात तिने सभाघरात, भिंतींवर लाकडात कोरलेल्या पूर्वजांसमोर, त्याला सुनावलं, "माझी पेटी गार पडेल त्या दिवशी येईन. तोवर विचारायचं नाही." सभाघरात बोललेला शब्द आमच्यात परत घेता येत नाही.

आणि यंदा पानं गळायच्या दिवसांत तिचं पुडिंग कच्चं निघालं. वाफ अशीच असते, कुणाला न सांगता घर बदलते.

मग शेजारच्या वैमारिएने एक उद्योग सुरू केला. नॅन गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला गेली की ही तिचं पुडिंग उचलून स्वतःच्या पेटीत ठेवायची, कापड सोडून शिजलं का ते बघायची आणि पुन्हा बांधून गुपचूप परत नेऊन ठेवायची. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुडिंग खाताना सगळे नजर बशीतच ठेवायचे.

एके दिवशी नॅन बशी पुसत म्हणाली, "वैमारिए, तू गाठ उलटी मारतेस."

"कुठली गाठ?"

"कापडाची. डावखुऱ्यांची असते तशी."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस, म्हातारे?"

"पुडिंग चांगलं होतं."

टामेहाना आला तो थंडीत, आपल्या बॅगेबरोबर आणखी एक रिकामी बॅग घेऊन. ती त्याने मुद्दाम दाराजवळ ठेवली. "आई, उद्या पुडिंग कर. तुझ्या पेटीतलं," तो म्हणाला. पेटी गार पडल्याचं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.

वैमारिए म्हणाली, "मी आहे ना."

"नको," नॅन म्हणाली. "सभाघरात बोलले आहे. पोटच्या पोराला खोटं पुडिंग चारणार नाही मी."

सकाळी मी वाट तपासायला निघालो. दहिवर गोठून सगळी वाट पांढरी झाली होती. नॅन माझ्याआधीच तिथे उभी, अंगात झगा, पायात रबरी बूट.

"पोरा, इथे काय दिसतंय?"

"काही नाही."

"तेच. सगळीकडे पांढरं, आणि इथे काही नाही."

वाटेच्या मधोमध ताटाएवढा ओला, काळा डाग होता. तिने वाकून तळवा टेकवला आणि लगेच उचलला. मी पहार घातली. खालून शीळ घालत वाफ आली.

"पेटी आण," नॅन म्हणाली.

"नॅन, ही वाट आहे. पाहुणे जाणार कुठून?"

"पाहुण्यांना पाय आहेत. पुडिंगला नाहीत."

वाट इथे बंद करावी लागणारच होती. मी टामेहानाला उठवलं. अर्धवट झोपेत त्याने पेटीची एक बाजू धरली. ती जागेवर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय वाहून आणलं ते.

"आई, पण पेटी गार पडली होती. मला कळलंय."

"पडली होती. तेव्हा तू नव्हतास. आता हात लावून बघ."

त्याने लावला आणि झटकला. वैमारिए कुंपणापलीकडे खोकल्यासारखं हसली.

नॅनने पुडिंग आत ठेवलं. या वेळी गाठ तिची स्वतःची होती. मी दोर सोडून वाट बाजूने वळवली. टामेहाना दगडावर बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने हळूच झाकणाकडे हात नेला, तर तिने हातावर चापट मारली.

"तिकडे राहून एवढंही विसरलास?"

"आई, ही वाफही जाईल एक दिवस."

"जाईल की," नॅन म्हणाली. "मग मीही तिच्यामागे जाईन. गावातल्या गावात."

दुपारी शेजारचे सहज म्हणून आले, आपापली बशी घेऊन. टामेहानाने दोनदा वाढून घेतलं. दुसरी बॅग परत गेली तेव्हा रिकामी नव्हती. तिच्यात कापडात बांधलेलं काहीतरी होतं आणि गाठ सुलटी होती.